वर्गणी कुणाची, तोंड कुणाचं?



गेल्या महिन्यात आमच्या केंद्रावर एका मोठ्या ऊर्जा कंपनीचे दोन अधिकारी आले होते. कंपनीचं नाव इथे देत नाही. एक तर बोलणी अजून संपलेली नाहीत, आणि दुसरं म्हणजे प्रश्न त्या एका कंपनीचा नाहीच. त्यांनी आणलेला प्रस्ताव, खरं सांगायचं तर, मोहात पाडणारा होता. वस्तीतल्या दोन बालवाड्यांचा तीन वर्षांचा खर्च, उन्हाळ्यात बायकांसाठी आरोग्य शिबिरं, आणि पत्र्याची घरं आतून थोडी तरी थंड राहावीत म्हणून छपरांना वरून पांढरा रंग. एप्रिल-मे महिन्यात आमच्या वस्तीत काय हाल होतात ते जिने पाहिलंय तिला कळेल, की या शेवटच्या मुद्द्याला बायका पुढे सरकून का बसल्या. दुपारी घरात बसवत नाही, बाहेर सावली नाही. पाणी रात्री अडीचला येतं, त्यामुळे जरा गारवा असतो तेव्हाची झोपही जाते.

प्रस्तावाच्या गुळगुळीत फायलीच्या पहिल्या पानावर कंपनीची प्रतिज्ञा छापली होती. अमुक सालापर्यंत आमचं उत्सर्जन ‘निव्वळ शून्य’ करू, अशी. खाली नऊवारीतली, हातात रोपटं धरलेली एक हसरी बाई.

त्याच आठवड्यात मी वर्तमानपत्रात वाचलं होतं की ही कंपनी ज्या उद्योग-संघटनेची सभासद आहे, त्या संघटनेचं शिष्टमंडळ दिल्लीला जाऊन आलं आणि उत्सर्जनाच्या नियमांत सवलत मागून आलं. मी विचारलं, हे कसं? दोघांपैकी एकजण माझ्यासारखाच एम.एस.डब्ल्यू. झालेला, सभ्य, बोलण्यात नम्र. तो म्हणाला, “मॅडम, ती कंपनीची भूमिका नाही. ती असोसिएशनची आहे. आम्ही फक्त सभासद आहोत.”

ते गेल्यावर चहाचे कप गोळा करता करता आमच्या एक मावशी म्हणाल्या, “ताई, हे म्हणजे मुलगा म्हणतो मला काही नको, आणि मामा खिशातून यादी काढतो.”

खोली हसली. पण मला ते वाक्य महिनाभर सोडून गेलं नाही. आपल्यापैकी कितीजणी अशा बैठकीत बसल्या आहेत! मुलगा शिकलेला, पुरोगामी. त्याचा हुंड्याला विरोध आहे, त्याने कॉलेजात त्यावर भाषणही केलेलं असतं. तो मान खाली घालून बसतो आणि मामा बोलतात. नंतर विचारलं की म्हणतो, मी नाही मागितलं, घरच्यांची इच्छा होती. गाडी मात्र दारात त्याच्याच उभी राहते. १९६१चा हुंडाबंदी कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ मागणी असे शब्द आहेत. कंपन्यांच्या बाबतीत असा शब्द अजून कुठल्या कायद्यात नीटसा आलेला नाही. पण जगात काही ठिकाणी लोकांनी हा प्रश्न कंपन्यांना उघडपणे विचारला. सगळ्यात जास्त विचारला गेला तो अमेरिकेतल्या तेल-वायू उद्योगाला. म्हणून ती हकीगत थोडी सविस्तर सांगते. आपल्याला ती परकी वाटणार नाही.

तिथे ‘अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट’ नावाची संघटना आहे, १९१९ साली स्थापन झालेली. एक्झॉन, शेव्हरॉन, शेल, बीपी अशा सगळ्या मोठ्या कंपन्या वर्गणी भरून तिच्या सभासद. ती निव्वळ दबावगट आहे असं म्हणणं बरोबर होणार नाही. नळ्या, झडपा, टाक्या, विहिरी यांच्या सुरक्षिततेची शेकडो मानकं ती ठरवते आणि जगभर ती वापरली जातात. पण वॉशिंग्टनमध्ये कायदे होताना उद्योगाच्या वतीने बोलणारं तोंडही तीच. वातावरण तापणार आहे हे या उद्योगाला उशिरा कळलं असंही नाही. १९५९ साली या संघटनेने तेल उद्योगाच्या शताब्दीचा सोहळा भरवला होता. तिथे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी समोर बसलेल्या तेल उद्योजकांना सांगितलं होतं की इंधन जाळून हवेत साठणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवेल आणि बर्फ वितळवेल. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने याच संघटनेसाठी केलेल्या अहवालातही तोच इशारा होता.

मग पुढची तीस वर्षं काय केलं? १९८९ मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ नावाची एक आघाडी उभी राहिली. नाव असं की वाटावं, हवामान वाचवायलाच निघाली आहे. तिच्यात तेल, कोळसा, मोटारगाड्या अशा सगळ्या उद्योगांच्या कंपन्या आणि संघटना होत्या आणि तिचं काम होतं उत्सर्जनावर बंधनं येऊ न देणं. १९९८ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या कार्यालयात तयार झालेला एक आराखडा वर्तमानपत्रात फुटला. हवामानशास्त्रात अनिश्चितता आहे, हे सामान्य नागरिकाला पटलं की आपण जिंकलो, असा त्याचा आशय होता. बंधनं नकोत असं सरळ म्हणायचं नाही, लोकांच्या मनात शंका पेरायची. बलात्काराच्या खटल्यात बचावाचा वकील काय करतो ते आठवा. ‘झालंच नाही’ हे सिद्ध करायची त्याला गरज नसते, ‘नक्की सांगता येत नाही’ एवढं पुरतं.

बीपी आणि शेल नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात या आघाडीतून बाहेर पडल्या. बीपीचे प्रमुख जॉन ब्राउन यांनी १९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात भाषण करून धोका मान्य केला, तेव्हा सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या. आघाडी २००२ मध्ये विसर्जित झाली. तोवर अमेरिकेने क्योटो करारातून अंग काढून घेतलं होतं, त्यामुळे तिचं काम झालंच होतं. पण बाहेर पडलेल्या याच कंपन्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या सभासद होत्याच. एका घरातून बाहेर पडल्याची बातमी झाली, दुसऱ्या घरात वर्गणी चालू राहिली.

२०१५चा पॅरिस करार झाल्यावर कंपन्यांच्या प्रतिज्ञांना ऊत आला. आम्ही कराराच्या बाजूने आहोत, कार्बनवर कर लावायला आमचा पाठिंबा आहे, निव्वळ शून्य करू. अशा वेळी ‘मग तुमची संघटना उलट का बोलते?’ हा प्रश्न विचारला कुणी? पर्यावरणवाले तो कधीचे विचारत होते, लंडनची ‘इन्फ्लुएन्समॅप’सारखी संस्था कागदपत्रं गोळा करत होती. पण कंपन्यांनी कान टवकारले ते भागधारकांनी विचारल्यावर. इंग्लंडच्या चर्चचा पेन्शन फंड, म्हणजे पाद्री मंडळींच्या म्हातारपणाची पुंजी, आणि स्वीडनचा एपी-सात हा सरकारी पेन्शन फंड यांनी २०१८ मध्ये युरोपातल्या ५५ मोठ्या कंपन्यांना पत्रं लिहिली. तुम्ही ज्या संघटनांचे सभासद आहात त्या हवामानाबद्दल काय बोलतात ते तपासा आणि जाहीर करा, असं त्यांचं म्हणणं होतं. बचतगट चालवणाऱ्या आपल्या बायकांना यातलं मर्म लगेच कळेल. पैसा आमचा आहे, तर हिशेब दाखवा.

एप्रिल २०१९ मध्ये शेलने असा पहिला मोठा आढावा प्रसिद्ध केला. १९ संघटना तपासल्या. नऊ ठीक निघाल्या, नऊ ‘काही अंशी विसंगत’ निघाल्या, आणि एक पूर्ण विसंगत. ती होती तेलशुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकल उत्पादकांची अमेरिकन संघटना. तिच्यातून शेल बाहेर पडली. फेब्रुवारी २०२० मध्ये बीपीने ३० संघटनांचा आढावा घेऊन तीन सोडल्या. त्यांतली एक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांतल्या तेल कंपन्यांची संघटना होती, कारण दिलं कार्बनच्या किमतीबद्दलच्या मतभेदाचं. आता हे वाचून कुणालाही बरं वाटेल. पण जरा मागे, नोव्हेंबर २०१८ मध्ये जाऊ. वॉशिंग्टन राज्यात कार्बनवर शुल्क लावावं की नाही यावर लोकांचं मतदान झालं. शुल्काच्या विरोधातली मोहीम याच संघटनेने उभारली होती, आणि त्या मोहिमेला बीपीने स्वतः एक कोटी वीस लाख डॉलरहून जास्त पैसे दिले. कंपनीचं म्हणणं, कार्बनवरच्या किमतीला आमचा पाठिंबाच आहे, फक्त हा विशिष्ट मसुदा सदोष होता. प्रस्ताव पडला. स्त्रियांच्या राखीव जागांचं विधेयक कितीदा ‘हा मसुदा सदोष आहे’ म्हणून मागे पडलं, ते आपण विसरलेलो नाही. म्हणजे ‘ते संघटनेचं मत, आमचं नव्हे’ ही सबब सुद्धा दरवेळी खरी असते असं नाही. कधी कधी मामा आणि भाचा रात्री एकत्र बसूनच यादी करतात.

जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सची टोटल ही कंपनी थेट अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटमधूनच बाहेर पडली. बड्या तेल कंपन्यांपैकी असं करणारी ती पहिली. कारणं तिने लपवली नाहीत. मिथेनवरचे नियम शिथिल करायला संघटनेचा पाठिंबा, विजेवरच्या गाड्यांच्या अनुदानाला विरोध, आणि पॅरिस कराराच्या विरोधातल्या निवडणूक उमेदवारांना मदत.

यातलं मिथेनचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. मिथेन म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक. विहिरींतून, नळ्यांतून तो गळतो, मुद्दाम सोडूनही दिला जातो. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशी पटींहून अधिक तापवतो. गळती थांबवायचं तंत्र आहे, ते फार महागही नाही. ट्रम्प सरकारने २०२० मध्ये मिथेनवरचे नियम मागे घेतले तेव्हा बीपी, शेल, इतकंच काय एक्झॉननेही, जाहीरपणे सांगितलं होतं की नियम ठेवा. पण ज्या संघटनेला त्या वर्गणी देत होत्या ती नियम काढण्याच्या बाजूने होती. संघटनेत लहान कंपन्याही असतात, सर्वांचं मत सांभाळावं लागतं, असं उत्तर मिळतं. म्हणजे सर्वात पुढे असलेला सभासद प्रतिज्ञा करतो आणि सर्वात मागे असलेला सभासद संघटनेचं धोरण ठरवतो. आपल्याकडच्या जातपंचायती, भावकी अशाच चालतात. कुणीही एकटा वाईट नसतो, ‘समाजाचं मत पडलं’.

या व्यवस्थेचा उपयोग कंपन्यांना नेमका काय, हे २०२१च्या उन्हाळ्यात एका चित्रफितीतून बाहेर आलं. ग्रीनपीसच्या शोधपत्रकारांनी नोकरी देणारे असल्याचं भासवून एक्झॉनच्या वॉशिंग्टनमधल्या एका वरिष्ठ माणसाला बोलतं केलं. तो म्हणाला की कार्बन कर काही येणार नाही, म्हणून त्याला पाठिंबा देणं ही बोलायची सोय आहे. आणि संसदेच्या सुनावण्यांत कंपनीचा चेहरा पुढे येऊ नये म्हणून संघटनांना पुढे करायचं असतं. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली, ही आमची भूमिका नाही म्हणाले. पुन्हा तेच वाक्य. (फसवून बोलतं करणं योग्य की अयोग्य यावर आमच्या संपादक मंडळात बराच वाद झाला. मला स्वतःला ते फारसं आवडत नाही. पण आपल्याकडेही गर्भलिंगनिदान करणारे डॉक्टर बनावट गिऱ्हाईक पाठवूनच सापडले.)

त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीपुढे एक्झॉन, शेव्हरॉन, बीपी आणि शेल यांच्या प्रमुखांना आणि अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या अध्यक्षांना बोलावलं गेलं. समितीच्या अध्यक्ष होत्या कॅरोलिन मलोनी. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या या बाई. समितीचे सदस्य रो खन्ना यांनी कंपन्यांच्या प्रमुखांना सरळ विचारलं, तुमची संघटना विजेवरच्या गाड्यांना विरोध करते आहे, इथे बसलेल्या तिच्या अध्यक्षांना आत्ता सांगा की हे थांबवा. ते अध्यक्ष त्याच सुनावणीत होते. एकाही प्रमुखाने तसं सांगितलं नाही. मी ते वाचलं आणि मला आमची ती खोली आठवली, आणि मान खाली घातलेला मुलगा.

भागधारकांनीही हात वर केले होते. मे २०२० मध्ये शेव्हरॉनच्या सभेत, लॉबिंग आणि पॅरिस करार यांचा मेळ कसा घालता ते सांगा, या ठरावाला ५३ टक्के मतं पडली. मे २०२१ मध्ये एक्झॉनच्या सभेत तशाच ठरावाला जवळजवळ ६४ टक्के. दोन्ही वेळा संचालक मंडळाचा विरोध होता. त्यानंतर अहवाल आले. मार्च २०२२ मध्ये गुंतवणूकदारांनी मिळून जबाबदार लॉबिंगची एक आंतरराष्ट्रीय चौकट तयार केली, १४ निकषांची. तिच्यात महत्त्वाची गोष्ट ही की नुसता आढावा पुरेसा मानलेला नाही. विसंगती सापडली तर काय केलं, कधीपर्यंत केलं, संचालक मंडळात जबाबदार कोण, हेही विचारलं आहे.

आता ‘आत राहून बदल घडवू’ या युक्तिवादाबद्दल. शेलने अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट सोडली नाही, म्हणाली आत राहून सुधारू. आणि मान्य केलं पाहिजे की २०२१च्या सुरुवातीला संघटनेने मिथेनच्या सरकारी नियमांना पाठिंबा दिला, मार्चमध्ये कार्बनच्या किमतीलाही. टोटलच्या बाहेर पडण्याचा धक्का, आतल्यांचा आग्रह आणि नव्या सरकारची चाहूल, यात श्रेय कुणाचं किती हे सांगणं कठीण आहे. पण पुढे काय झालं? २०२२च्या कायद्याने मिथेनच्या गळतीवर शुल्क ठेवलं, त्याला संघटनेचा विरोध होता. मार्च २०२५ मध्ये त्या शुल्काच्या वसुलीचे नियम रद्द झाले, तेव्हा संघटनेने आनंद व्यक्त केला. ‘नांदून बघ, आतून बदलतील’ हा सल्ला आपण कौटुंबिक सल्लाकेंद्रात रोज ऐकतो. कधी बदलतातही. पण आपण त्या मुलीला विचारतोच ना, की किती दिवस, आणि नाही बदलले तर काय करशील? याचं उत्तर तारखेसकट दिलेलं मला त्या अहवालांत फारसं दिसलं नाही.

आणखी एक गोष्ट मला आधी सुचलीच नव्हती. मेळ घालायचे दोन मार्ग असतात. संघटनेला प्रतिज्ञेपर्यंत वर आणायचं, किंवा प्रतिज्ञा संघटनेपर्यंत खाली उतरवायची. बीपीने २०२० मध्ये म्हटलं होतं की २०३० पर्यंत तेल-वायूचं उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करू. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते २५ टक्के झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते उद्दिष्टच सोडून उत्पादन वाढवायचं ठरलं. शेलने मार्च २०२४ मध्ये २०३०चं उद्दिष्ट सैल केलं आणि २०३५चं काढून टाकलं. आता आढावा घेतला तर विसंगती कमीच निघेल! मुलगाच म्हणाला की मला गाडी हवी, तर मामाच्या यादीला विसंगत कोण म्हणणार? म्हणून निव्वळ ‘मेळ आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. कशाशी मेळ, ते आधी विचारायला हवं.

आपल्या महाराष्ट्राला तर याहून वेगळा धडा मिळालेला आहे. एन्रॉन. क्योटो कराराच्या वेळी ही कंपनी इतर तेल-कोळसा कंपन्यांच्या उलट, कराराच्या बाजूने होती. कारण कोळशाऐवजी वायू खपला आणि उत्सर्जनाच्या परवान्यांचा व्यापार सुरू झाला तर तिचा फायदा होता. म्हणजे हवामानाच्या फूटपट्टीने मोजलं तर तिची जाहीर भूमिका आणि लॉबिंग यांचा उत्तम मेळ होता. आणि त्याच १९९७ सालच्या ३ जूनला, तिच्या दाभोळ प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या कोळी बायकांना पोलिसांनी पहाटे घरात घुसून मारलं, अटक केली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्याचे अहवाल काढले. मी तेव्हा लहान होते, हे सगळं मला ज्येष्ठ मैत्रिणींकडून कळलं. त्यातल्या एकीने या संपादकीयाचा खर्डा वाचून मला विचारलं, “तुझ्या त्या चौदा निकषांत वेलदूर बसतं का?” नाही बसत. हे मी इथे लिहून ठेवते.

आता आपल्या देशातलं चित्र. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वात मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘सेबी’च्या नियमाप्रमाणे जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यातलं सातवं तत्त्व आपल्या कामाचं आहे. धोरणांवर प्रभाव टाकताना तो जबाबदारीने आणि पारदर्शकपणे टाकावा, असं ते तत्त्व. त्याखाली कंपनी किती व्यापारी-औद्योगिक संघटनांची सभासद आहे आणि त्यातल्या प्रमुख दहा कोणत्या, हे सांगणं सक्तीचं आहे. कंपनीने कोणत्या धोरणांसाठी आग्रह धरला, हे सांगणं मात्र ऐच्छिक. आणि ती संघटना काय बोलली, ते कंपनीच्या प्रतिज्ञेशी जुळतं का, हे कुणी विचारतच नाही. म्हणजे मामाचं नाव सांगा, यादी नका सांगू. शिवाय ज्या कंपन्या बाजारात नोंदलेल्या नाहीत त्यांना हा नियम नाही. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र चालवणारी आपली सरकारी महानिर्मिती त्यातच येते.

मेळ तपासायची गरज आपल्याकडे किती आहे याचं उदाहरण म्हणून औष्णिक केंद्रांच्या गंधकाच्या धुराचं प्रकरण पाहा. तो प्रश्न कार्बनचा नाही, फुप्फुसांचा आहे, पण पद्धत तीच. डिसेंबर २०१५ मध्ये नियम झाले, दोन वर्षांत यंत्रणा बसवायची ठरलं. वीज उत्पादकांनी एकेकटे आणि संघटनांमार्फत मुदतवाढ मागितली, ती पुन्हा पुन्हा मिळाली, आणि जुलै २०२५ मध्ये तीन-चतुर्थांशाहून अधिक क्षमतेला त्या यंत्रणेतून सूटच देण्यात आली. या दहा वर्षांत कोणती कंपनी संघटनेच्या बैठकीत काय बोलली, हे चंद्रपूर किंवा कोराडीच्या बाईला कळायला मार्ग नाही.

इथवर लिहून मी थांबले होते, कारण आमच्याच घरातली एक गोष्ट मला खुपत होती. तीन वर्षांपूर्वी एका संयुक्त आघाडीत आम्ही होतो. मागण्या चांगल्या होत्या, रेशनच्या, पाण्याच्या. जाहीर सभेत आघाडीचे एक नेते बोलता बोलता म्हणाले की ४९८-अ चा (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) बायका गैरवापर करतात. मागच्या फलकावर आमच्या गटाचं नाव होतं. आम्ही काय केलं? आपसांत चिडलो. वस्तीतल्या एकीने विचारलं तेव्हा म्हणालो, ते त्यांचं व्यक्तिगत मत. आणि पुढच्या महिन्याची वर्गणी भरली. आघाडी फुटू नये असं वाटत होतं, ते खोटंही नव्हतं. पण त्या अधिकाऱ्याच्या तोंडी जे वाक्य ऐकून मला राग आला, ते मी स्वतः म्हणून झालं आहे. यंदाच्या वार्षिक सभेत आम्ही ठराव केला की ज्या आघाडीत आमचं नाव आहे तिथे असं काही बोललं गेलं तर आठ दिवसांच्या आत लेखी आणि जाहीर नापसंती कळवायची. एवढं स्वतःला लावल्यावरच कंपनीला विचारायचा हक्क आला, असं मला वाटतं.

मग कंपनीला आम्ही पत्र लिहिलं आहे. प्रस्ताव नाकारलेला नाही, स्वीकारलेलाही नाही. पत्रात विचारलं आहे की तुम्ही कोणत्या संघटनांना वर्षाला किती वर्गणी देता आणि त्यांच्या कार्यकारिणीत तुमचं कोण बसतं. अलीकडच्या त्या निवेदनाला तुम्ही संघटनेच्या बैठकीत लेखी विरोध नोंदवला का, नोंदवला असेल तर त्याची प्रत द्या, नसेल तर आता तसं जाहीर कराल का. तुमच्या ‘निव्वळ शून्या’त तुमच्या कारखान्याचाच धूर धरला आहे की तुम्ही विकलेलं इंधन जाळल्यावर होणाराही. आणि वेलदूरची आठवण ठेवून शेवटचा प्रश्न, प्रकल्पाजवळ राहणाऱ्या लोकांच्या तक्रारी गेल्या पाच वर्षांत किती आल्या आणि त्यांचं काय केलं. नऊवारीतल्या बाईचा फोटो काढून टाका, असंही मी लिहिणार होते, पण मंडळाने ते वाक्य वगळलं.

पत्राचा मसुदा वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवला. सगळ्यांना तो पटला असं नाही. एक तरुण आई म्हणाली, “तुमचं दिल्लीतलं भांडण कधी मिटेल कोण जाणे, रंग तर लावून घ्या ना.” तिचं घर दुपारी भट्टी होतं, सात महिन्यांचं मूल आहे. तिला मी काय उत्तर देणार? दुसऱ्या म्हणाल्या, रंग वर्गणी काढून आपणच लावू, पहिली दहा घरं तरी. हिशेब चालू आहे. बालवाडीच्या दोघी ताईंचा पगार मात्र मार्चपर्यंतचाच हातात आहे, आणि त्यासाठी वस्तीतून वर्गणी पुरणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

पत्र स्पीड पोस्टाने गेलं आहे, उत्तरासाठी सहा आठवडे दिले आहेत. तुमच्यापैकी ज्या गटांना असे प्रस्ताव आले आहेत किंवा जे असा निधी आधीपासून घेत आहेत, त्यांनी आम्हाला जरूर लिहावं. घेतलेल्यांनी तर आधी लिहावं, कारण आत गेल्यावर प्रश्न विचारता येतात का हे त्यांनाच माहीत असणार. पत्राची प्रत हवी असेल तर कळवा. कंपनीचं उत्तर आलं तर पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू. नाही आलं तर तेही छापू.

– संपादक मंडळाच्या वतीने